नशीब की प्रयत्न: एका निकालाचा हिशेब कागदावर कसा मांडायचा

‘माझ्या नशिबातच नव्हतं’ आणि ‘मीच कमी पडलो’ ही दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा हिशेब न मांडताच दिलेली असतात. मांडायचा म्हटलं तर मांडता येतो. एक कोरा कागद आडवा धरायचा, पेन्सिल आणि खोडरबर घ्यायचं, तास-दीड तास मोकळा ठेवायचा आणि आयुष्यातला एकच निकाल निवडायचा. अख्खं आयुष्य समोर घेऊन बसलं की दैव मोठं की कर्तृत्व या वादाला अंत राहत नाही. दोन्ही बाजूंना सोयीचे दाखले हवे तेवढे सापडतात. एका निकालाबद्दल मात्र बऱ्यापैकी नेमकं बोलता येतं.

निकाल कसा निवडायचा

तो घडून गेलेला असावा, नाहीतर पुढच्या सहा महिन्यांत कधी कळणार ते ठरलेलं असावं. एका वाक्यात लिहिता यावा आणि त्या वाक्यात निदान दोन आकडे असावेत. ‘मला कुठेच यश येत नाही’ हे मनःस्थितीचं वर्णन झालं, त्याचा हिशेब होत नाही. ‘सहा महिन्यांत १४ ठिकाणी अर्ज केले, ३ ठिकाणी मुलाखतीला बोलावलं, नोकरी मिळाली नाही’ हे वाक्य कामाचं. पुढे हेच उदाहरण घेऊ. परीक्षा, धंदा, घर, नातं, सगळ्याला रीत हीच. फक्त जवळच्या माणसाचा मृत्यू आणि नुकतंच कोसळलेलं मोठं दुःख या कागदावर आणू नये. तिथे ‘मी तेव्हा तसं केलं असतं तर’ हे एकच वाक्य माणूस पुन्हा पुन्हा लिहीत राहतो.

तीन म्हणणी आधी सुटी करा

नशिबाची गोष्ट निघाली की तीन वेगळी म्हणणी एकात एक मिसळतात. पहिलं नियतीचं: काहीही करा, शेवट ठरलेला आहे. आजीवक पंथाच्या मक्खली गोसालाने, बुद्धाच्याच काळात, हे टोकाला नेलं. माणसाच्या प्रयत्नाला त्याने जागाच ठेवली नाही. दुसरं कार्यकारणाचं: प्रत्येक घटनेला आधीची कारणं असतात. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ मध्ये याचं सर्वात कडक रूप मांडलं: विश्वातल्या सगळ्या कणांची स्थिती आणि त्यांच्यावरची बलं जाणणाऱ्या बुद्धीला भविष्य भूतकाळाइतकंच स्पष्ट दिसेल. तिसरं योगायोगाचं: दोन स्वतंत्र गोष्टी एकाच वेळी समोर आल्या आणि निकाल फिरला.

घोटाळा होतो तो पहिल्या दोनांत. सगळ्याला कारणं आहेत, म्हणून माझ्या करण्याने काही फरक पडत नाही, अशी उडी मारली जाते. ही उडी जुनी आहे आणि ग्रीकांनी तिला ‘आळशी युक्तिवाद’ असं नावही दिलं होतं: आजारी माणूस बरा व्हायचाच असेल तर होईल, मग वैद्य कशाला बोलवायचा? ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या क्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञाचं उत्तर असं, की बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्याला बोलावणंही त्यातच ठरलेलं असू शकतं. म्हणजे तुमचं करणं कारणांच्या साखळीच्या बाहेर नसून साखळीतलीच एक कडी आहे. कर्मसिद्धान्तातही हीच व्यवस्था आहे. संचित हा भात्यातला बाण, प्रारब्ध हा सुटलेला बाण आणि क्रियमाण हा हातात घेतलेला बाण. सुटलेला परत बोलावता येत नाही, हातातल्याचा नेम अजून धरायचा असतो. प्रारब्ध मानणाऱ्याला प्रयत्न सोडायची मुभा त्यातून मिळत नाही. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हणसुद्धा आपण आळशाला टोमणा म्हणूनच वापरतो.

‘मेंदू आधीच ठरवतो, आपल्याला नंतर कळतं’ हे वाक्य हल्ली बरंच ऐकू येतं. ते बेंजामिन लिबेटच्या १९८३ च्या प्रयोगावरून आलं. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं, एवढंच काम होतं. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारीची लहर दिसली, आणि ‘आता हलवावं’ अशी जाणीव झाल्याचं लोकांनी सांगितलं ते सुमारे २०० मिलिसेकंद आधी. ही लहर म्हणजे निर्णय नसून मेंदूतल्या चढउतारांची साठत गेलेली बेरीज असू शकते, असा पर्यायी अर्थ २०१२ मध्ये श्युर्गर आणि सहकाऱ्यांनी पुढे ठेवला. तो वाद चालू राहो. कारणाशिवाय मनगट हलवणं आणि तीन आठवडे विचार करून शहर बदलणं यांत इतकं अंतर आहे, की त्या प्रयोगाच्या जोरावर अर्ज भरायचं थांबवू नये.

चार रकाने

आता कागदावर तीन उभ्या रेघा मारा. रकान्यांना डावीकडून ही नावं द्या: मिळालेलं, दुसऱ्यांच्या हातातलं, योगायोग, माझ्या हातातलं. वरच्या कडेला निकालाचं वाक्य आणि आजची तारीख.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव त्यात पाचवं आहे. इतर चौघांना वगळून ते एकटं कधी काम करत नाही आणि त्याला वगळून यादीही पुरी होत नाही. आपले चार रकाने त्याची हुबेहूब नक्कल नाहीत, पण मुद्दा तोच: निकालाला एकच बाप नसतो.

भरताना क्रम पाळा. आधी ‘मिळालेलं’, मग ‘दुसऱ्यांच्या हातातलं’, मग ‘योगायोग’ आणि शेवटी ‘माझ्या हातातलं’. उलट क्रमाने गेलं तर स्वतःला दोष देण्याची सवय असलेला माणूस चौथा रकाना खचाखच भरतो आणि बाकीच्यांत लिहायला त्याला काही उरत नाही. प्रत्येक रकान्यात किमान चार ओळी हव्यात. चार सुचत नसतील तर बहुधा तिथेच आपली नजर पोचत नसते.

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: उद्यापासून तीन महिने मी वेगळं वागलो तर ही ओळ बदलेल का? ‘नाही’ आलं तर ओळ पहिल्या तीन रकान्यांपैकी एकात. ‘हो’ आलं तर चौथ्यात. ‘थोडी’ आलं तर ओळ अजून जाड आहे, ती फोडायची.

फोडणं म्हणजे काय, ते एका ओळीवर बघू. ‘मुलाखतीत बोलताच येत नाही’ अशी ओळ आहे. ती मिळालेली म्हणावी तर सराव करता येतो, आणि हातातली म्हणावी तर बोलताना अडखळणं लहानपणापासूनचं आहे. मग तिचे तुकडे करा. अडखळणं: मिळालेलं. मुलाखत घेणाऱ्याने प्रश्न तोडून तोडून विचारणं: दुसऱ्याच्या हातातलं. त्या दिवशी आपल्याआधीचा उमेदवार विलक्षण चांगला असणं: योगायोग. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर कधी मोठ्याने म्हणून न बघणं: माझ्या हातातलं. ‘मी अडखळतो, मला दोन सेकंद द्या’ हे सुरुवातीलाच न सांगणं: माझ्या हातातलं. पाचांपैकी दोन ओळी हाती लागल्या. एकसंध वाक्य म्हणून तीच गोष्ट नशिबाच्या खात्यावर गेली असती.

एक ओळ फोडायला दहा मिनिटं गेली तरी चालतील. सबंध कागदाचा जीव याच कामात आहे. पाच-सहा ओळी नीट फोडल्या की बाकीच्या आपोआप लवकर होतात.

रकाने भरताना काय बिघडतं

सर्वात नेहमीचं बिघडणं म्हणजे चौथा रकाना रिकामा राहणं. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत ज्यांना विजेचा झटका थांबवता येत नव्हता, त्यांच्यातले बरेच पुढे सुटका सहज शक्य असूनही जागचे हलले नाहीत. याला तेव्हा ‘शिकलेली असहायता’ म्हटलं गेलं. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या कामाच्या आधारे त्याच दोघांनी स्वतःचा अर्थ उलटवला: लांबलेल्या त्रासात हातपाय गाळणं ही मूळची प्रतिक्रिया आहे, आणि शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. व्यवहारात याचा अर्थ असा, की रिकाम्या चौथ्या रकान्याकडे बघून ‘हिंमत धर’ म्हणून उपयोग नसतो. एकच ओळ शोधायची, इतकी लहान की तिचा परिणाम आठवड्याभरात डोळ्यांना दिसेल, आणि ती करून बघायची.

पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कशातही रस वाटणं हे सगळंच गेलं असेल, तर कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावं. नैराश्यात चौथा रकाना रिकामा दिसतो हे आजाराचंच लक्षण असू शकतं. त्यातून काढलेला हिशेब विश्वासाचा नसतो.

उलट बिघाड यशस्वी माणसांच्या कागदावर दिसतो. त्यांचा पहिला रकाना कोरा असतो. निरोगी शरीर, शिकलेले आईवडील, पडत्या काळात राहायला घर, वेळेवर भेटलेला एक चांगला शिक्षक, या गोष्टी जवळ असताना जाणवत नाहीत. नसतात तेव्हाच टोचतात. म्हणून नियम असा: अपयशाचा एक कागद केला की त्याच बैठकीत यशाचाही एक करायचा. अपयशात तीन रकाने भरलेले आणि यशात फक्त चौथा, असं दिसलं तर हिशेबात खोट आहे.

आणि दुसऱ्याचा कागद आपण भरू नये. लांबून दुसऱ्याच्या चौथ्या रकान्यात ओळी घालणं फार सोपं असतं. जग न्याय्य आहे, ज्याचं त्याला मिळतं, असं मानायची ओढ माणसाला असते. मेल्विन लर्नरने १९६०च्या दशकात दाखवलं, की निरपराध माणसाला त्रास होताना पाहणारे, तो थांबवता येत नसेल तर, त्या माणसालाच कमी लेखू लागतात.

दुसरा रकाना: नशीब वाटतं ते कुणाचा तरी नियम असतो

हा रकाना लोक घाईने उरकतात, आणि खरं सोनं इथेच असतं. उदाहरण खेळातलं. १९८५ मध्ये बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा मांडल्या, तेव्हा वरच्या पातळीवर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली. ग्रहताऱ्यांचा यात काही भाग नव्हता. वयोगट १ जानेवारीपासून मोजले जात होते. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असूनही दोघं एकाच गटात. दहाव्या वर्षी एवढ्या फरकाने उंची, वजन, ताकद सगळं बदलतं. मोठा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस खेळाडू झालेला असतो.

त्या डिसेंबरच्या मुलाच्या दृष्टीने जन्मतारीख पहिल्या रकान्यात जाते. पण तिला वजन देणारी कटऑफ तारीख कुणीतरी समितीत बसून ठरवलेली असते, ती दुसऱ्या रकान्यात. म्हणून पहिला रकाना भरून झाला की प्रत्येक ओळीपुढे विचारा: ही गोष्ट आड येते ती स्वतःहून, की कुणाच्या नियमामुळे? नियमामुळे येत असेल तर तीन वाटा असतात: जिथे तो नियम नाही अशी जागा शोधणं, अपवाद मागणं, किंवा तीच अडचण असलेल्या इतरांसोबत नियम बदलायला लावणं. तिसरी वाट लांबची असते. पण एकट्याने सोसलेल्या कितीतरी ‘नशिबा’चा निकाल शेवटी तिथेच लागला आहे.

योगायोगाचं गणित

योगायोग आवरता येत नाही, पण त्याला किती वेळा संधी द्यायची हे बऱ्याचदा आपल्या हातात असतं. एखाद्या गोष्टीत यशाची शक्यता दर खेपेस १० टक्के असेल, तर १० प्रयत्नांत निदान एकदा यश येण्याची शक्यता ६५ टक्के, २० प्रयत्नांत ८८ टक्के. शक्यता ५ टक्केच असेल तर २० प्रयत्नांत ६४ टक्के. सूत्र साधं आहे: अपयशाची शक्यता स्वतःशी तितक्या वेळा गुणायची आणि १ मधून वजा करायची.

यात एक अट आहे आणि ती विसरली की सगळं गणित कोसळतं. प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. तोच चुकीचा अर्ज २० ठिकाणी पाठवला तर ते २० प्रयत्न होत नाहीत, एकाच प्रयत्नाच्या २० प्रती होतात.

आपलं उदाहरण घ्या. १४ अर्जांतून ३ मुलाखती म्हणजे साधारण पाचात एक. अर्ज पोचतो आहे, तिथे साखळी तुटलेली नाही. आता ३ मुलाखतींत एकही नोकरी नाही. दर मुलाखतीत निवड होण्याची शक्यता पाचात एक धरली, तर सलग तीन नकार येण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ५१ टक्के. नाणेफेकीसारखं झालं. एवढ्यावरून ‘माझ्यात काहीतरी कमी आहे’ असंही म्हणता येत नाही आणि ‘ग्रह वाईट’ असंही नाही. सलग १० नकार आले तर तीच शक्यता ११ टक्क्यांवर येते, तेव्हा मुलाखतीच्या तयारीत काय चुकतं ते बघायची वेळ झाली. कपाळावर हात मारून घेण्याआधी हा गुणाकार करावा, दोन मिनिटांचं काम आहे.

यशातला योगायोगही कमी लेखू नये. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ हजारांहून जास्त लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. त्यातल्या बऱ्याच जणांना आठ वेगळ्या ‘जगां’त वाटलं होतं, आणि आपापल्या जगात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं ते त्यांना दिसत होतं. उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, टाकाऊ क्वचितच वर आली. मधली मात्र एका जगात वर तर दुसऱ्यात खाली. सुरुवातीच्या काही जणांची निवड पुढे वाढत गेली. दर्जा हा चौथ्या रकान्यातला, पण त्यावर मिळणाऱ्या क्रमांकाचा बराच भाग तिसऱ्यातला.

निकालाआधी लिहून ठेवा

घडून गेलेल्या गोष्टीचा हिशेब एका कारणाने नेहमीच थोडा चुकतो. निकाल कळला की ‘हे होणारच होतं’ असं वाटू लागतं. बारुख फिशहॉफने १९७५ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. नियतीवरचा आपला बराचसा विश्वास असा मागाहून शिवलेला असतो. यावर उपाय एकच, आधी लिहिणं. महत्त्वाचा निर्णय घेताना पाच ओळी पुरतात: तारीख, काय ठरवलं, काय होईल असं वाटतं आणि किती टक्के, त्यामागची दोन कारणं, काय दिसलं तर मत बदलेन. निकाल लागल्यावर या ओळींत एक अक्षरही बदलायचं नाही. अशा १५-२० नोंदी जमल्या की ७० टक्के म्हटलेल्या गोष्टी साधारण दहात सात वेळा घडल्या का ते पडताळता येतं. तीन-चार नोंदींवरून काही ठरवू नये.

कुणी भविष्य सांगितलं असेल तर

विश्वास ठेवावा की नाही यावर भांडण्यापेक्षा तपासावं. बर्ट्रम फोररने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुमचं’ म्हणून वर्णन दिलं. वर्णन किती जुळतं याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण पडले. सगळ्यांना दिलेला मजकूर अक्षरशः एकच होता. म्हणून ‘अगदी माझंच सांगितलं’ हा पुरावा धरू नये. पाच जणांची वर्णनं नावं काढून एकत्र करावीत आणि प्रत्येकाने आपलं ओळखावं. नुसत्या अंदाजानेही सरासरी पाचात एक जण बरोबर येतो, त्याहून बरेच जास्त आले तर बोलू.

घटनेचं भविष्य असेल तर ते तारखेसह लिहून घ्या, आणि कोणत्या परिस्थितीत ते खोटं ठरलं म्हणायचं तेही आधीच लिहा. ‘खोटं कधी’ ही ओळ लिहिता येत नसेल तर ते भविष्य तपासण्याजोगं नाही. ऐकल्यामुळे तुमचं वागणं बदलतं का याकडेही लक्ष असू द्या. या परीक्षेत पास होणार नाही असं ऐकून अभ्यास सुटला आणि निकाल तसाच लागला, तर भविष्याने स्वतःच स्वतःला खरं केलं. रॉबर्ट मर्टनने १९४८ मध्ये या प्रकाराला नाव दिलं, स्वतःला खरं करणारं भाकीत. अशा वेळी ‘भविष्य ऐकणं’ ही ओळ ‘दुसऱ्यांच्या हातातलं’मध्ये आणि ‘अभ्यास सोडणं’ ही ‘माझ्या हातातलं’मध्ये लिहायची.

चौथ्या रकान्याचं पुढे काय

त्यातल्या तीनच ओळी निवडा. प्रत्येकीचं वाक्य ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशा साच्यात लिहा. पीटर गोल्विट्झर आणि इतरांच्या कामात नुसत्या ‘करायचं आहे’ यापेक्षा वेळ-जागा ठरवलेला हा साचा जास्त तडीस जातो असं वारंवार दिसलं आहे. ‘रात्री जेवण झालं की ताटावरून उठल्या उठल्या एका प्रश्नाचं उत्तर मोठ्याने म्हणेन’ हे चालेल. ‘नोकरी मिळवेन’ चालणार नाही, कारण तो निकाल आहे आणि निकालात चारही रकाने येतात. ‘जास्त मेहनत करेन’ तर मुळीच नाही. ते केलं की नाही हे संध्याकाळी सांगताच येत नाही.

९० दिवसांनी नवा कागद घ्यायचा आणि जुना न बघता भरायचा. मग दोन्ही शेजारी ठेवून कोणत्या ओळींनी रकाना बदलला ते पाहायचं. पहिल्यातून चौथ्यात आलेल्या ओळी आनंदाने लक्षात राहतात. चौथ्यातून पहिल्यात गेलेल्या ओळीही तितक्याच मोलाच्या, कारण तिथे आता शक्ती खर्चायची नाही.

आणि थांबायची खूण सुरुवातीलाच लिहून ठेवा: किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत, जास्तीत जास्त किती पैसे. ती आली आणि तरी पुढे जावंसं वाटलं, तर चौथ्या रकान्यात पूर्वी नव्हती अशी एक तरी ओळ सापडते का ते बघा. सापडली तर नवी तारीख घालून पुढे जा. नाही सापडली तर हाच निकाल धरून दुसरा कागद घ्या.